गल्फची जागा

आगाशीच्या बाजारात बस वळते त्या कोपऱ्यावर फेबियनचा फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणायचं, इतकंच. शटर अर्धं वर, आत एक करडा पडदा, एक लाकडी स्टूल आणि खुंटीला पासपोर्ट फोटोचा काळा कोट. कोट एकच, माणसं मात्र सगळ्या मापांची. जाड्याला पुढून घालायचा आणि पाठीमागून उघडाच ठेवायचा, बारक्याला पाठीमागे कपड्यांचे चिमटे लावायचे. त्या एका कोटात निम्मं गाव परदेशी गेलं, पण कोट काही आगाशीच्या बाहेर पडला नाही. फेबियनचंही तसंच. सदुसष्टाव्या वर्षी त्याचे गुडघे बसताना एक बोलायचे, उठताना दुसरं.

वसईतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर फेबियनचे फोटो आहेत. लग्नाचे, बाप्तिस्म्याचे, पहिल्या कम्युनियनचे, शवपेटीभोवती उभ्या राहिलेल्या घरच्यांचेही. पण त्यातल्या एकाही फोटोखाली त्याचं नाव नाही. सुताराचं नाव कोणी पलंगावर कोरतं का? तसंच ते. एवढी वर्षं त्याला याचं काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते 'छायाप्रेमी'मुळे.

छायाप्रेमी म्हणजे मोबाइलवरचा ग्रुप. विरारपासून नायगावपर्यंतचे त्र्याऐंशी फोटोवाले त्यात. रोज ऑफिसला जाणारे, पण रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की गळ्यात कॅमेरा घालून चिंचोटीच्या धबधब्यावर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पसरणारे. पुढारी ॲलिस्टर. तिशीतला, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने लाघवी. त्यानेच फेबियनला ग्रुपमध्ये घेतलं. म्हणाला, "अंकल, माझ्या बाप्तिस्म्याचा फोटो तुम्ही काढलाय. तुम्ही तर आमचे सीनियर!"

ग्रुपचा नियम असा, की रविवारी फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. त्याला म्हणायचे धुलाई. फेबियनच्या काळी फिल्म धुवायला टाकत. आता फोटो काढणाराच धुवायला पडायचा.

फेबियनने आजवर अकरा फोटो टाकले होते. कोळिणींचा टाकला, तर क्षितिज तिरकं. केळीच्या वाडीचा टाकला, तर आभाळ जळून पांढरंफटक. सायकलवरच्या पाववाल्याचा टाकला, तर पाववाला नेमका मध्यभागी, आणि मध्यभागी काही ठेवणं म्हणजे अडाणीपणा. प्रत्येक शेऱ्याची सुरुवात एकच, "सुंदर प्रयत्न अंकल, पण..."

त्याची बायको जीना मासे साफ करता करता म्हणायची, "तुमच्या ग्रुपात 'पण'चं दुकान आहे काय हो? आणि तुम्ही रोजचं गिऱ्हाईक!"

"शिकतोय गं."

"सदुसष्टाव्या वर्षी?"

यावर तो फोन पालथा ठेवून भिंतीला टेकायचा. थकवा अंगमेहनतीचा असता तर झोपून गेला असता, पण हा दुसराच होता. आपण आयुष्यभर भात रांधावा आणि म्हातारपणी कोणीतरी सांगावं की तांदूळ उलटे शिजवलेस.

तरी तो ग्रुप सोडत नव्हता, कारण जानेवारीत पॅरिशचा, म्हणजे गावच्या चर्चचा, सण होता. सणाला पॅरिशच्या हॉलमध्ये छायाप्रेमींचं प्रदर्शन भरायचं होतं. विषय होता 'आमची माणसं'. फोटो पंधराच लागणार, धुलाईतून पार पडलेले, आणि प्रत्येक फोटोखाली कार्डावर काढणाऱ्याचं नाव. फेबियनला ते कार्ड हवं होतं. जीनालाही त्याने हे सांगितलं नव्हतं. तिला अर्थातच ठाऊक होतं.

बारावा फोटो त्याने टाकला तो चौऱ्याण्णव सालचा. एका घरची अकरा माणसं ओळीत आणि मधोमध एका माणसाएवढी मोकळी जागा. त्या जागेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्या काळी घरटी एक माणूस कुवेतला, मस्कतला नाहीतर बोटीवर. लग्न निघालं की तोच नेमका नसायचा. मग फेबियन ग्रुप फोटो लावताना त्याची जागा सोडायचा. थोरला असेल तर बापाच्या उजव्या हाताला, धाकटा असेल तर आईच्या मागे. वर्षा-दोन वर्षांनी गडी सुट्टीवर आला, की त्याला स्टुडिओत उभा करून वेगळा फोटो काढायचा, ब्लेडने कापून त्या जागेत चिकटवायचा आणि सगळ्याचा मिळून पुन्हा फोटो घ्यायचा. या जागेला सगळे म्हणायचे गल्फची जागा. यजमान आधीच बजावायचे, "फेबियन, गल्फची ठेव हं!" आणि गडी येईपर्यंत फोटो तसाच, मध्ये दात पडल्यासारखा, भिंतीवर टांगायचे. आल्यागेल्याला कळायचं, या घरचं एक माणूस यायचं आहे.

एकदा हिलरी नावाच्या खलाशाला रजाच मिळेना, म्हणून त्याने टपालाने फोटो पाठवला. फेबियनचं माप चुकलं आणि हिलरीचं डोकं शेजारच्या माणसांच्या दुप्पट आलं, एवढा मोठा दुधी! लहान पोरं घाबरायची. पण हिलरीची आई रोज त्या दुध्याची पापी घ्यायची. तीन वर्षांनी हिलरी दारात उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, "वाळलास रे बाळा. फोटोत केवढा होतास!"

तर असा तो चौऱ्याण्णवचा फोटो. ग्रुपवर शेऱ्यांची रांग लागली. "सुंदर प्रयत्न अंकल, पण मध्ये डेड स्पेस आहे, मेलेली जागा." "माणसं जवळ आणायला हवी होती." शेवटी ॲलिस्टर, "अंकल, डेड स्पेस फोटोला मारते. बाकी भावना छान."

फेबियनने उत्तर लिहायला घेतलं. 'ती जागा' एवढं लिहिलं, चष्मा पुसला, मग तेही खोडलं. कोणाकोणाला सांगायचं?

ऑक्टोबरात फ्रान्सिसबाबांचा पंच्याऐंशीवा वाढदिवस आला. फ्रान्सिसबाबा म्हणजे केळीची वाडी राखणारा जुना शेतकरी. थोरला मुलगा कॅल्विन कुवेतला. त्याची बायको सेलिन, मुलगी स्टेफी आणि धाकट्या गॉडफ्रेचं कुटुंब घरी. वाडीत खुर्च्या मांडल्या. फेबियनने सवयीने बाबांना मध्ये बसवलं, उजव्या हाताला जागा सोडली आणि म्हणाला, "बाबा, इथे कॅल्विन." बाबांनी मान वळवून त्या जागेकडे बघितलं. फेबियनने बटण दाबलं.

आणि तेवढ्यात त्याला डेड स्पेस आठवली.

"सरका, सरका! गॉडफ्रे, ये इकडे. बापाला चिकटून बस. खांद्यावर हात टाक."

सेलिन म्हणाली, "अहो अंकल, कॅल्विनची जागा..."

"अगं, हल्ली कॉम्प्युटरवर माणूस कुठेही बसवता येतो. ते जुनं झालं."

हे वाक्य आपल्याच तोंडातून निघालं, याचं फेबियनला पुढे फार दिवस नवल वाटत राहिलं.

त्या रविवारी हा चिकटून बसलेला फोटो ग्रुपवर गेला आणि काय सांगावं! एकही 'पण' आला नाही. शाबासकीच्या अंगठ्यांचा पाऊस. ॲलिस्टरने लिहिलं, "अंकल, हेच ते! प्रदर्शनाला पक्का." जीनाने त्या दिवशी न मागता पापलेट तळलं.

नोव्हेंबरात फ्रान्सिसबाबा गेले. पहाटे वाडीत पाणी सोडायला उठले आणि ओट्यावरच बसले ते बसलेच. कॅल्विनचे कागद कुठेतरी अडकले होते, तो मातीला पोचला नाही.

महिन्याची मिस्सा तोंडावर आली तेव्हा सेलिन स्टुडिओत आली. काळे कपडे, हातात वाढदिवसाचा फोटो. स्टुलावर बसली आणि फोटो मांडीवर ठेवला.

"अंकल, कॅल्विन फोनवर विचारतो, शेवटच्या फोटोत मी कुठे आहे? काय सांगू?"

"बसवू ना. ॲलिस्टर बसवून देईल."

"दिलाय की त्याने." तिने फोनवर दाखवलं. ॲलिस्टरने मनापासून खटपट केली होती. गॉडफ्रेला बाजूला सारून कॅल्विनला मध्ये बसवलं होतं. पण गॉडफ्रेचा हात उचलल्यावर खाली बाबांचा खांदा नव्हताच, तो मशीनने मनाने केलेला. बाबांच्या हाताला सहा बोटं आली होती आणि तोंडावरच्या सुरकुत्या जाऊन गाल गुळगुळीत झाले होते.

"हे आमचे बाबा नाहीत," सेलिन म्हणाली. "हे कुठल्यातरी विम्याच्या जाहिरातीतले."

फेबियनला हसू आलं, पण ते अर्ध्यातच विरलं.

"आणि गॉडफ्रे चिकटून बसलाय तो फोटो सणाला भिंतीवर लावू नका. पाया पडते. आधीच लोक बोलतायत, मुलगा मातीला आला नाही. आता फोटोतही जागा ठेवली नाही, म्हणजे घरच्यांनीच टाकला म्हणतील."

फेबियनच्या डोळ्यांपुढे नावाचं कार्ड आलं. पंधरातलं एक कार्ड. छापूनही झालं होतं. ॲलिस्टरने कौतुकाने त्याचा फोटो पाठवला होता, आणि जीनाने तो दिवसातून चार वेळा उघडून बघितला होता.

"नाही लावत," तो म्हणाला. "आणि जरा थांब."

कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पुसायचा त्याला नेहमीच आळस. त्या आळसाने त्या दिवशी पुण्य केलं. वाढदिवसाचा पहिला फोटो तिथेच होता. फोटो तिरका. स्टेफीचे डोळे मिटलेले. मागच्या केळीचे शेंडे कापलेले. आणि फ्रान्सिसबाबा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होते, जेवायला वाढलंय आणि एक माणूस यायचं राहिलंय अशा नजरेने.

फेबियनने तो तिच्या फोनवर पाठवला. सेलिनने फोन छातीशी धरला. जाताना एवढंच म्हणाली, "पुसू नका हं."

फेबियनने ॲलिस्टरला फोन लावून तो फोटो भिंतीवर लावू नको म्हणून सांगितलं. तो हळहळला. "अंकल, माझीच चूक. पण बदली फोटो द्यायचा तर पुन्हा धुलाईत टाकावा लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

"बरोबर आहे. टाकतो." सेलिनला विचारून त्याने टाकला.

"सुंदर प्रयत्न अंकल, पण डोळे कॅमेऱ्यात नाहीत." "मुलीचे डोळे बंद." "क्षितिज!!" "पुन्हा डेड स्पेस?" एकाने तर ती जागा कापून, दोन्ही बाजू जोडून, माणसं शेजारी-शेजारी आणून परत पाठवला आणि खाली लिहिलं, आता बघा. फेबियनने एक एक शेरा शेवटपर्यंत वाचला. सगळे खरे होते. एकही खोटा म्हणता येईना, हाच तर शीण.

"काय म्हणतात?" जीनाने विचारलं.

"म्हणतात, फोटो चुकलाय."

"चुकलाय?"

"चुकलाय की. चांगलाच चुकलाय." आणि त्याने फोन पालथा ठेवला.

सणाच्या दिवशी मिस्सेनंतर तो हॉलमध्ये गेला. चौदा फोटो होते. फेबियनची जागा मोकळी राहू नये म्हणून ॲलिस्टरने शेजारचे दोन फोटो सरकवून घेतले होते. भिंत अगदी नीटनेटकी दिसत होती. कार्ड टेबलावर पालथं पडलं होतं. ॲलिस्टर धावत आला, "अंकल, वाईट वाटून घेऊ नका, रिकामं बरं दिसत नव्हतं."

"नाही रे," फेबियन म्हणाला. "तुझं डेड स्पेसकडे लक्ष असतंच." त्याने कार्ड खिशात घातलं आणि दारात ठेवलेल्या खुर्चीवर बसून गुडघे चोळले.

चार दिवसांनी कॅल्विन आला. विमानातून उतरून घरी, घरून सिमेंट्रीत बापाच्या क्रुसाशी आणि तिथून थेट स्टुडिओत. सेलिन सोबत होती. फेबियनने त्याला करड्या पडद्यासमोर उभा केला, बाजूला रिकामं स्टूल ठेवलं आणि फोनवरच्या फोटोशी माप ताडून बघितलं. हिलरीचा दुधी तो अजून विसरला नव्हता.

"हात ठेव."

कॅल्विनने स्टुलाच्या वर, हवेत, हात धरला. 

"थोडा खाली," फेबियन म्हणाला. "अजून थोडा. बाबा बसलेत, उभे नाहीत. हां, आता खांदा लागला बघ. आणि कॅमेऱ्याकडे बघू नको. ते तुझ्याकडे बघतायत, तू त्यांच्याकडे बघ."

गुडघा कुरकुरला. त्याने तसंच वाकून बटण दाबलं.