दायाँ म्हणजे उजवा

माझ्या बायकोच्या उजव्या घोट्याला नाच शिकवणाऱ्या त्या माणसानं वर्गासमोर लाल फीत बांधली, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा राग अजून उतरलेला नाही. तो कोणावर किती आहे हे एकदा नीट मांडावं, म्हणून लिहितो आहे.

आमच्या लग्नाला पंचविसावं वर्ष लागलं होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "पंचवीस वर्षं झाली की आपण जेवण देणार आहोत ना, त्या दिवशी मला नाचायचं आहे. तुमच्यासोबत. सगळ्यांसमोर."

तिचं माहेर वर्ध्याकडचं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिचं नाव नाचाच्या यादीत होतं, आणि आदल्या दिवशी थोरल्या भावानं जाऊन ते कापायला लावलं. हे मला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं, तेही तिच्या बहिणीकडून. त्या थोरल्या भावाला जेवणाचं बोलावणं जाणार होतं. ती हे बोलली नाही, पण मला समजलं. चोवीस वर्षांत तिनं स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही मला आठवणारी पहिली गोष्ट. मी हो म्हटलं.

आमच्या जबलपुरात कांचघर भागात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर जोडप्यांना नाच शिकवण्याचा वर्ग निघाला होता. सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास. म्हणजे अठरा तास. एकूण नऊ जोडपी, त्यातली सात तिशीच्या आतली. साल्सा, चा-चा आणि वॉल्ट्झ असे तीन प्रकार होते. आम्हाला वॉल्ट्झच हवा होता, कारण त्यात उड्या नव्हत्या.

वॉल्ट्झ तीन ठोक्यांचा. पहिल्या ठोक्याला पुरुष डावा पाय पुढे टाकतो आणि त्याच क्षणी बाई उजवा पाय मागे घेते. शिकवणारा सर तिशीचा, दिल्लीहून शिकून आलेला. तो ओरडायचा, "जेंट्स बायाँ आगे, लेडीज़ दायाँ पीछे!" मी डावा पुढे टाकायचो, आणि ती डावाच मागे घ्यायची. तिचा उजवा जागेवरच राहायचा आणि माझा बूट त्यावर पडायचा. माझं वजन तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलो होतं.

तिसऱ्या दिवशी सरनं गाणं थांबवलं. "आंटी जी, दायाँ-बायाँ तो नर्सरी के बच्चे भी जानते हैं." मग त्यानं कुठल्याशा सजावटीतली लाल फीत काढली, खाली वाकला आणि तिच्या उजव्या घोट्याला बांधली. "जिसमें रिबन, वो दायाँ. अंकल जी, अब भी कुचल गईं तो ज़िम्मेदारी आपकी."

सगळे हसले. मीही हसलो. कशासाठी हसलो ते मला चांगलं माहीत आहे: त्या सोळा जणांनी मला त्यांच्यात धरावं, तिच्याबरोबर नाही.

 घरी येताना स्कूटर आमच्या गढा मोहल्ल्यात शिरल्यावर तिनं फीत सोडली आणि गल्लीतल्या नालीत टाकली. तरी गुरुवारी वेळेवर तयार होऊन बसली.

मी जमीन मोजण्याच्या खात्यातला माणूस. त्या वर्षी शहपुऱ्याला रोज जाऊन-येऊन नोकरी करत होतो. काही जुळत नसेल तर मी मोजतो, मला दुसरं काही येत नाही. पुढचे चार तास मी तिची चुकलेली पावलं मोजली. नाचताना मनात धरायची आणि पाणी प्यायला थांबलो की खिशातल्या कागदावर रेघ मारायची. सदतीस चुका निघाल्या. त्यातल्या तेहतीस "दायाँ" या शब्दावर. "बायाँ"वर दोन, बाकीच्या दोन अशाच. घरी मी तिला मराठीत सांगायचो, "उजवा मागे, डावा बाजूला, जुळव." तिथे अख्ख्या तासात दोन चुका.

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. हिंदीतला दायाँ म्हणजे उजवा. पण कानाला तो आपल्या 'डावा'च्या जवळचा, म्हणून तिच्या पायाला तो डावाच ऐकू येत होता. रिक्षावाल्याला दायें-बायें सांगताना ती कधी चुकली नाही, कारण तिथे विचार करायला वेळ असतो आणि हातही दाखवता येतो. इथे मिनिटाला नव्वद ठोके होते, एका पावलाला पाऊण सेकंदसुद्धा नाही. तेवढ्यात तिचा पाय लहानपणीच्या शब्दाकडे जायचा. मी जबलपुरात जन्मलो, हिंदी शाळेत शिकलो, म्हणून मी सुटलो. यात अक्कल कमी-जास्त असण्याचा काही संबंध नव्हता.

मी कागद घेऊन सरकडे गेलो. म्हटलं, फक्त राइट-लेफ्ट म्हणा, एवढंच करा. त्यानं कागदाकडे पाहिलंही नाही. "अंकल जी, डांस फील से होता है, गिनती से नहीं. और मराठी में सीखना है तो नागपुर चले जाइए."

तासभर एक-दो-तीन, एक-दो-तीन ओरडणारा माणूस मला सांगत होता की मोजून काही होत नाही! एक शब्द बदलायचा होता. त्यात त्याचं काही जात नव्हतं. बाई चुकते आणि वर्ग हसतो, यातच त्याचा वर्ग रंगत होता. मी इतका तापलो की तिथेच मोठ्यानं बोललो, "आपको सिखाना नहीं आता." आणि तो कागद त्याच्यासमोर हलवला.

तो तिनं माझ्या हातातून घेतला.

"हे काय आहे?"

"तुझ्या चुका. म्हणजे, त्या तुझ्या नाहीत हे—"

"काहून मोजून राहिले होते तुम्ही माझ्या चुका?"

"सिद्ध करायला. शब्दाची चूक आहे, तुझी नाही."

"अच्छा." तिनं कागद उलटा करून पाहिला. "तुमच्या कुठे आहेत?"

माझ्या चुकांना रकानाच नव्हता.

"आणि फीत बांधली तेव्हा तुम्ही हसले, ते कुठे लिहिलं?"

सरनं घसा खाकरला. "आंटी जी, क्लास का टाइम..." ती त्याच्याकडे वळली आणि स्वच्छ हिंदीत म्हणाली, "आप दो मिनट रुकिए. मैं अपने पति से बात कर रही हूँ." त्यानं खरंच तोंड बंद केलं. अठरापैकी सात तास झाले होते. आम्ही आठवा अर्धवट सोडून जिना उतरलो.

खाली ती म्हणाली, "नाचणार मी. पण इथे नाही. घरीच करू. आणि तुम्ही तोंडानं काही सांगायचं नाही. ना मराठीत, ना हिंदीत."

पुढचे दोन महिने पुढच्या खोलीतला सोफा गॅलरीत ठेवून आम्ही न बोलता पावलं टाकली. माझा बूट कधी कधी तिच्या पायावर पडायचा. ती "स्स" करायची आणि पुढचं पाऊल टाकायची. मी मनातसुद्धा मोजलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण कागद केला नाही.

जेवणाच्या दिवशी पन्नास-पंचावन्न माणसं होती. थोरला भाऊ पहिल्या ओळीत बसला होता. गाणं लागलं. आम्ही सव्वातीन मिनिटं नाचलो, आणि ती एकदाही चुकली नाही. टाळ्या झाल्या. भाऊ उठून आला आणि तिच्याकडे न बघता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वा भाऊजी! हिला चांगलं शिकवलं तुम्ही."

 ज्यानं तिचं नाव कापलं, तो आता तिच्या नाचाचं श्रेय मला देत होता! मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी काही शिकवलं नाही. मी फक्त हिच्या पायावर पाय दिले. आणि वर्गात लोक हिला हसले, तेव्हा मीपण हसलो."

लोक खदाखदा हसले. त्यांना वाटलं, नवरा विनोद करून राहिला आहे. भाऊही हसला.

ती हसली नाही. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चला, पुन्हा लावायला सांगा गाणं. या वेळी तुम्ही मागे जा, मी पुढे येते."

गाणं पुन्हा लागलं आणि मी उलटा चालू लागलो. मागे खुर्ची आहे की भिंत, काही दिसत नव्हतं. समोरच्या माणसाच्या हातावर भरवसा ठेवून आंधळ्यासारखा पाय टाकायचा, आणि तोही पाऊण सेकंदात. ती इतके दिवस हे करत होती, आणि मी पुढे बघत, आरामात, तिचीच पावलं मोजत होतो. माझा स्वतःवरच असा संताप झाला की ठोका सुटला आणि मी तिच्या पायावर नाही, स्वतःच्याच पायावर पाय दिला.

"चालू द्या," ती म्हणाली आणि मला मागे रेटत राहिली.