उलटं मागणं

गॅस पेटवण्याआधी ती रिकाम्या पातेल्यावर दोन्ही तळवे टेकवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "महाराज, आजच्यापुरती ताकद द्या. उद्याची उद्या मांगीन." मग काडी ओढायची. दीडशे पोरांच्या खिचडीचं ते पातेलं तिच्या कमरेला लागायचं.

पिंपळगाव राजा या गावाच्या अलीकडे एका खेड्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा. खामगावहून रोज जाऊन-येऊन मी तिथे नऊ वर्षं शिकवलं. ती शाळेत पोषण आहार शिजवायची. पोरं तिला मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही मावशीच म्हणायचो. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. तिच्या कष्टाचं आपण तोंड भरून कौतुक करतो, पण कधी तिच्या हातातलं काम काढून घेत नाही.

माझ्या जिभेला हाड नाही. एकदा म्हटलं, "मावशी, रोज रोज काय हात पसरता? एकदाच महिन्याचं मागून घ्या."

"तसं नाई जमत मॅडम," ती मिरच्या निवडता निवडता म्हणाली. "महिन्याचं देल्लं तं ते मनतीन, आता महिनाभर तोंड दाखवू नोको. मले तं रोज भेटा लागते त्याईले."

रोज भेटायला तिला वेळ कुठून मिळायचा, हे मात्र मला कळत नसे. तिच्या नवऱ्याला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणंही जवळजवळ गेलं. पहाटे चारला उठून ती त्याला पुसून घ्यायची, कूस बदलायची, भरवायची. दहाला शाळेत. पोरांची पंगत उठली की धावत घरी, पुन्हा भरवणं. परत येऊन पातेली घासायची. कापसाचे दिवस असले की तिथूनच कुणाच्या तरी वावरात वेचायला. अंधार पडला की घर, आणि तिसरं भरवणं.

भरवणं म्हणजे काय, ते मी एकदा तिच्या घरी गेले तेव्हा पाहिलं. मानेखाली गोधडीची घडी, हनुवटी खाली, पातळ वरणात कालवलेला भात अर्धा चमचा. मग ती त्याच्या गळ्यावर बोट ठेवून थांबायची. घास उतरला असं बोटाला कळलं की पुढचा. एका वाटीला पाऊण तास. माझा तर बघूनच जीव कंटाळला. घरातल्या पुतण्याच्या बायकोने एकदा घाईने भरवलं होतं. घास श्वासनळीत गेला आणि तो आठ दिवस तापाने फणफणला. तेव्हापासून त्याला हात लावायला घरात कुणी धजत नव्हतं. तो जगत होता तो तिच्या त्या एका बोटावर, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

एका वर्षी वटपौर्णिमा शाळा उघडल्यावर आली. गावातल्या बायका नटून वडाला चालल्या होत्या. मी आणि दुसऱ्या मॅडम सकाळीच पूजा उरकून आलो होतो. मावशी मात्र नेहमीच्या विटक्या लुगड्यात तांदूळ धूत होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मावशी, वडाला सुट्टी? सात जन्मांतले किती झाले?"

सगळे हसले. तीही हसली. दुपारी पातेली घासताना मला एकटीला म्हणाली, "मॅडम, वडाले बाया काय मांगतात?"

"नवऱ्याला आयुष्य. आपल्याला भरल्या कुंकवाचं मरण."

"माह्यं मांगणं उलटं हाये." तिने राखेचा हात थांबवला. "महाराज, आंधी त्याईले न्या. मंग मले. एक दिवस मांगं ठेवा, जास्त नाई. मी आंधी गेली तं त्याईले घास कोण देईन? असं मांगणं घेऊन वडापाशी कशी जाऊ? पाप लागते म्हने."

नवरा आधी जावा म्हणून रोज देवाला साकडं घालणारी बायको मी पाहिली नव्हती, आणि नवऱ्यावर इतका जीव असलेलीही पाहिली नव्हती. "नाही लागत पाप," एवढंच म्हणाले. खरं तर तेही मला ठाऊक नव्हतं.

पुढे तिला चक्कर येऊ लागली. पंगत वाढताना भिंत धरायची, ओठ निळसर दिसायचे. मी म्हटलं, "खामगावला चला, मी डॉक्टरांकडे नेते."

"दिवस जाते मॅडम दवाखान्यात. दुपारचं त्याईले कोण देईन?"

"अहो, एक दिवस."

"एक दिवस तं मांगून रायली न मी रोज. देतेत बराबर महाराज."

त्या उत्तराचा मला राग आला. देवाने ताकद दिली म्हणून हृदय दुरुस्त होत नाही, असं म्हणायचं होतं. पण तिच्या घरी जाऊन दुपारची वाटी मी भरवते, तुम्ही जा, हे म्हणायला हवं होतं. तेही मी म्हटलं नाही. माझा पाचवीचा वर्ग होता, ऑनलाइन माहिती भरायची होती, साडेपाचची एस.टी. होती.

श्रावणातल्या एका पहाटे, त्याला भरवण्याआधीच, अंगण झाडताना ती खाली बसली ती उठलीच नाही. शाळेत निरोप आला. मी आणि दुसऱ्या मॅडम गेलो तेव्हा बायकांनी तिला आंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळभर मळवट. इतकी नटलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. बायका एकेक करून कुंकू लावत होत्या, पाया पडत होत्या.

"नशीबवान हो बाई. सवाष्ण गेली."

एकीने करंडा माझ्यापुढे धरला. "लावा मॅडम तुमीबी. असं मरण मांगून भेटत नाई."

सांगावंसं वाटलं, की हिने दुसरंच मागितलं होतं. पण तिथे ते बोलणं म्हणजे तिची अब्रू काढणं झालं असतं. मी कुंकू लावलं.

आतल्या खोलीतून घशातला आवाज आला. दुपार झाली होती आणि रात्रीपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. कुणी उठलं नाही. मीच शेजारणीकडून वरण-भात मागून आत गेले. गोधडीची घडी, हनुवटी खाली, अर्धा चमचा. गळ्यावर बोट ठेवलं, पण घास उतरला की नाही ते मला नीट कळत नव्हतं, म्हणून प्रत्येक घासाला मी फार थांबले. बाहेर तिरडी बांधत होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो तोंड उघडत होता. त्याने सगळी वाटी खाल्ली.

पुतण्या दारात उभा राहून बघत होता. "तुमाले जमते मॅडम," तो म्हणाला.

मी वाटी खाली ठेवली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी शाळेत केंद्रप्रमुखांची भेट होती. मी त्याला भरवायला गेले नाही. तिसऱ्या दिवशीही गेले नाही. तेरवीच्या आधीच त्याला डोणगावला कुणा नातेवाइकांकडे नेल्याचं कानावर आलं. तिथे त्याला कोण भरवतं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.