सगळ्यांनीच उपाशी यावे

दातांच्या या दवाखान्यातल्या कारकुनाचे आतापर्यंत एकसष्ट दात काढून झाले आहेत. सगळे कागदोपत्री, तोंडातले बत्तीस शाबूत आहेत. रुग्णांना आदल्या संध्याकाळी आपोआप निरोप जावेत म्हणून कॉम्प्युटरवर सूचनांची एक फाइल असते, ती हे कारकून, म्हणजे सगळ्यांचे काका, लिहितात. फाइलला जरा कुणी हात लावला की चाचणी म्हणून ते रुग्ण म्हणून स्वतःची नोंद करतात, ‘भूल देऊन दात काढणे’ असं लिहितात, आणि खिशातला फोन वाजेपर्यंत खुर्चीतून हलत नाहीत.

हे सगळं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. त्याआधी रोज सत्तर-ऐंशी जणांना फोन करून त्यांचा घसा बसायचा. डॉक्टरांना मात्र यंत्राचा भरवसा नव्हता. त्यांनी बजावून ठेवलं होतं, “एक घोटाळा झाला, काका, की पुन्हा वही आणि फोन.”

बुधवारी सकाळी बाहेरच्या बाकांवर माणसं गप्प बसली होती. बोलायला लागली तेव्हा गप्प होती तेच बरं होतं असं काकांना वाटलं.

“मी कवळी घासून घ्यायला आलोय,” एक आजोबा म्हणाले. “रात्रीपासून पोटात कण नाही. आता कवळीलाही भूल देता का?”

“माझ्या दाताचा तर फक्त फोटो काढायचाय,” मागून एक बाई म्हणाल्या. “उपाशी दाताचा फोटो चांगला येतो का हो?”

काकांनी फाइल उघडली. या फाइलचा रिवाज साधा: जी ओळ दोन जागा आत सरकलेली, ती वरच्या ओळीच्या ताब्यात. ‘भूल द्यायची असेल तर’ या ओळीखाली ‘रात्रीपासून काही खाऊ नका’ ही आत उभी असायची. आज ती बाहेर येऊन इतर ओळींच्या रांगेत उभी होती, म्हणजे आल्यागेल्या सगळ्यांना लागू. यंत्राने हूं की चूं केलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने फाइल ठाकठीक होती.

काल फाइलमधला दवाखान्याचा फोन नंबर बदलायला त्यांनी वहिनींना सांगितलं होतं. वहिनी म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. काउंटर त्यांच्याकडे असतो आणि भिंतीवरची चौकट केसभर कलली तरी त्यांना घास गिळवत नाही.

काकांनी त्यानंतर चाचणीही घेतली होती. फोन वाजला, उपाशी येण्याचा निरोप आला, ते निर्धास्त घरी गेले. आता त्यांच्या डोक्यात उजेड पडला: भूल घेणाऱ्याला तो निरोप येणारच होता. ज्याला येऊ नये, त्याच्या नावाने त्यांनी कधी तपासलंच नव्हतं.

डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले. “कुणी केलं हे?”

मालकाच्या बायकोचं नाव घ्यायचं कसं? “चूक माझी आहे,” काका म्हणाले, आणि ते अर्धं खरंही होतं. “चाचणी अपुरी पडली.”

“मग काढा वही.”

“थांबा,” वहिनी काउंटरमागून म्हणाल्या. “ओळ मी सरकवली. एकटीच आत शिरून बसली होती, दिसायला कसंतरी दिसत होतं. सरळ केली. माझ्याकडून वही भरून घेणार असाल तर काढा.”

आजोबा उपाशीपोटी हसले. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं आणि काढलेले हातमोजे पुन्हा चढवले. “पुढचा रुग्ण पाठवा,” ते म्हणाले. वहीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, नंतरही नाही.

दुपारी काकांनी ओळ पुन्हा आत सरकवली आणि दोन खोटे रुग्ण नोंदवले: भूल घेणारे ते स्वतः, आणि दात साफ करून घेणाऱ्या वहिनी. संध्याकाळी काकांच्या फोनवर उपाशी येण्याची सूचना आली. वहिनींच्या फोनवर नुसती वेळ आली.

“माझ्या निरोपात खाण्याबद्दल काही नाही,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, पाच मिनिटं अजून बसा,” काका म्हणाले. “उपाशी राहायचा निरोप उशिरा यायला नको.”