सफेद कोळसा

सुरतेजवळ कामरेजच्या बाहेर भाड्याच्या एका शेडमध्ये मी सफेद कोळसा बनवायचो. नाव कोळशाचं, पण असतो तो कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा आणि भुईमुगाच्या टरफलांचा भुगा, मशीनमध्ये दाबून केलेले ठोकळे. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलवाल्यांना बॉयलरमध्ये जाळायला ते लागतात. वडील धुळ्याकडून सुरतेला आले आणि जन्मभर लूमवर उभे राहिले. मी मालक झालो याचं आईला फार कौतुक. गिऱ्हाईक मात्र एकच, पलसाण्याची एक मोठी मिल. बायको म्हणायची, "एकाच्या भरवशावर राहू नका." रोज दोन ट्रक जात होते. मी ऐकतोय कशाला?

एक दिवस दोन्ही ट्रक भरलेलेच परत आले. मी तडक मिलवर गेलो. मॅनेजर गेटवरच भेटला.

"तमारो माल नहीं चाले," तो म्हणाला.

"पण झालं काय, साहेब?"

"बॉयलर बंद पडलं, दिवसभराचं कापड बिघडलं. आणखी काय व्हायला पाहिजे?"

"मालात काय खोट होती, तेवढं तरी सांगा."

तो आत निघून गेला. पुढचे आठ दिवस मी वॉचमनच्या बाकड्यावर बसून काढले. माल ओला होता? हलका होता? कोणी काही सांगेना. दुसऱ्या मिलमध्ये जावं, तर माझ्या आधी बातमी पोचलेली. चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. हप्ते थकले, बँकेने मशीन उचलून नेली, शेड गेली. आम्ही भेस्तानला एका खोलीत आलो. बायको घरी साड्यांना टिकल्या चिकटवू लागली. आईने विचारलं, "आते काय करशी?" मी तिच्यावर खेकसलो. तिने साधाच प्रश्न विचारला होता.

शेवटी गावाकडच्या एका ओळखीने पलसाण्यातच एका छोट्या मिलमध्ये बॉयलरवर काम मिळालं. ज्या रस्त्याने माझे ट्रक जायचे, त्याच रस्त्याने आता मी डबा घेऊन जायचो आणि दुसऱ्याचा माल फावड्याने भट्टीत टाकायचो.

एका दुपारी आग दबली. माझ्याबरोबरच्या जुन्या फायरमनने लांब सळईने भट्टी उकरली आणि दगडासारखी एक लादी बाहेर ओढली.

"मिट्टी है," तो म्हणाला. "माल में मिट्टी आयी तो पिघल के जाली पे जम जाती है. हवा बंद, आग बंद."

मी त्या लादीकडे बघतच राहिलो. माझ्या शेडमध्ये चाळणी होती. ती लावली की मशीन हळू चालायची, म्हणून ऑर्डर वाढल्यावर मीच ती काढून ठेवली होती. शेतातली सगळी माती ठोकळ्यांत जात होती. दोन वर्षं मी बॉयलरसाठी माल विकला आणि एकदाही बॉयलरसमोर उभा राहिलो नाही! मॅनेजरचा राग आला. ही एक ओळ बोलायला त्याचं काय जात होतं? पण स्वतःचा राग त्याहून जास्त आला, आणि तो कुणावर काढायचा हेही कळेना.

दीड वर्ष फावडं मारल्यावर मी त्या छोट्या मिलच्या शेठला म्हणालो, "एक टेम्पो माझा माल घ्या. भट्टीत मीच टाकतो. आग दबली तर पैसे देऊ नका."

"जाते नाखशो?" त्याने खात्रीसाठी विचारलं.

"हो, स्वतः टाकतो."

ओळखीच्या एकाची मशीन पाळीवर भाड्याने घेतली. भुगा दोनदा चाळला. ज्या दिवशी माल जाळला, त्या दिवशी मी जेवलोही नाही. दर थोड्या वेळाने सळई घालून बघत होतो. राख मोकळी पडली. शेठ म्हणाला, "परवा दुसरा टेम्पो आण."

आज माझी स्वतःची जुनी मशीन आहे आणि तीन मिल माल घेतात. तरी मातीवरून कच्चा माल देणाऱ्यांशी माझी रोज भांडणं होतात. त्या मोठ्या मिलच्या मॅनेजरला मी अजून अधूनमधून फोन करतो. काय चुकलं होतं ते सांगतो, आताचा माल बघायला बोलावतो. तो "जोईशुं", म्हणजे बघू, एवढंच म्हणतो आणि फोन ठेवतो.

बायको म्हणते, "तीन मिल आहेत ना? सोडा त्याचा नाद."

तिचं बरोबर आहे. मागच्या आठवड्यात मी पुन्हा फोन केला.