तोटीवरचा हार्म

हॅम्बुर्गला एल्ब नदीखालून बोगदा खणत होते, तेव्हा हार्म टिमकडे एकच काम होतं : माणसांना थांबवून धरायचं. नदी आत घुसू नये म्हणून खाली हवा दाबून भरलेली असे. पाळी संपली की खणणारे लोखंडी खोलीत येऊन बसत, दार लागे आणि हार्म त्यांच्याबरोबर आतच बसून पितळी तोटी केसभर फिरवून हवा बाहेर सोडत राही. पाऊण तास. खोलीत धुकं दाटे, दात वाजत, कॉफी गार होई. लोक त्याला गोगलगाय म्हणत. पण तो निवांत मुळीच नव्हता. त्याची नजर दाबाच्या काट्यावरून माणसांच्या गुडघ्यांवर भिरभिरत असे. दाब एकदम उतरला की रक्तात हवेचे बुडबुडे धरतात; घाईनं बाहेर पडलेले दोघे तसे जन्माचे लुळे झालेले त्यानं पाहिले होते.

दाबलेल्या हवेत शिटी वाजत नाही, ओठांतून नुसती फुंकर निघते. दाब उतरला की वाजते. म्हणून लोकांनी ठरवूनच टाकलं होतं : शिटी वाजली, अंग मोकळं झालं. डॉक्टर घसा फोडून सांगत, शिटी ओठांची, रक्ताला तिचा पत्ता नाही. पण ऐकतो कोण.

हार्मचा धाकटा भाऊ ल्युडर खाली खणायला होता. त्याची एकुलती एक मुलगी वीबके नवऱ्याबरोबर ब्राझीलला निघाली होती. बोट शेजारच्याच धक्क्यावरून अकराला सुटणार होती. नेमकी त्याच सकाळी माती ढासळली. फळ्या ठोकायला ल्युडर मागे राहिला आणि एकटाच खोलीत आला, तेव्हा साडेदहा वाजले होते.

"सोड की जरा."

"सोडतोय."

"याला सोडणं म्हणतात? आपल्या आजीचं नाक याहून जोरात गळायचं."

"पाऊण तास म्हणजे पाऊण तास, ल्युडर. बस खाली."

ल्युडर बसला नाही. चार पावलांच्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. "पोरगी परत यायची नाही रे," तो म्हणाला. "मला पुन्हा दिसायची नाही."

वीबके हार्मच्याही खांद्यावर वाढली होती. तेवढ्यात ल्युडरनं ओठ आवळले आणि बारीकशी शिटी वाजली.

"वाजली. आता तरी उघड."

हार्मला सगळं ठाऊक होतं. तरी त्या क्षणी त्यानं शिटीवर विश्वास ठेवला, कारण त्याला ठेवायचा होता. त्यानं तोटी पूर्ण फिरवली.

दोघे धावत धक्क्यावर पोचले तेव्हा बोटीचे दोर सुटत होते. वीबके कठड्याशी रुमाल हलवत होती. ल्युडरनं हात वर केला आणि त्याचे गुडघे गेले. तो एका पोत्यावर बसला, दात आवळून हात हलवत राहिला. बोट वळल्यावर मात्र गुरासारखा ओरडला. डॉक्टरांनी त्याला पुन्हा दाबाच्या हवेत नेलं. कळा थांबल्या, उजवा पाय गेला तो गेलाच. हार्म दाबाच्या हवेत होताच किती वेळ. त्याला काही झालं नाही. याचाच त्याला संताप येई.

तीन महिन्यांनी वीबकेचं पत्र आलं. ल्युडर म्हणाला, "तूच वाच."

हार्म वाचू लागला. "बाबा, तुम्ही सदा घाईत. त्या दिवशी मात्र किती आरामात बसून हात हलवत होता. तेच डोळ्यांपुढे ठेवून मी इथे झोपते." पुढची ओळ त्यानं मनातच वाचली : काकांचे उपकार मानते, त्यांनी तुम्हाला वेळेत सोडलं.

हार्म थांबला.

"पुढे?" ल्युडरनं विचारलं.

"एवढंच आहे," हार्म म्हणाला.