मांडीवरच्या दोन थापा

जपानी राक्षसांचे सिनेमे बघतो म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालोय, आणि हे सिनेमे मी आवडीनं बघतो. रबरी कातडं चढवलेला राक्षस पुठ्ठ्याच्या इमारती तुडवत येतो, चंदेरी पोशाखातला वीर त्याला भिडतो, दोघंही धडपडतात. जालन्याला होस्टेलवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाकीची पोरं शेपटी ओढणारी तार शोधून खिदळत होती. मला हसू आलं नाही. मला त्या राक्षसात आबा दिसले.

आबा म्हणजे माझे वडील. गावात नरसिंह जयंतीला नरसिंहाचं सोंग तेच घ्यायचे. वैशाखाचं ऊन, तोंडावर कागदाच्या लगद्याचा जड मुखवटा, बघायला दोन बारीक भोकं. कागदाचा खांब फाडून बाहेर यायचं आणि संबळाच्या तालावर पारापर्यंत नाचत जायचं. सोंगाच्या कमरेला शेला बांधतात, त्याचं टोक मागून एकानं धरायचं. कॉलेजला गेल्यापासून ते मी धरायचो. सोंगानं बोलायचं नसतं, म्हणून आमची खूण ठरलेली होती. मांडीवर दोन थापा म्हणजे श्वास अडकला, मुखवटा काढ.

एका वर्षी थापा पडल्या. गर्दी बघत होती, पार दहा पावलांवर होता, तेवढं जाऊ द्यावं म्हणून मी थांबलो. आबा तोंडावर पडले. शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाले, "खूण केल्ती म्या. तुला दिसली न्हाई."

दिसली होती. हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

आता त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा जालन्याला आणायचं, चार तास डायलिसिस. हातात दाभणासारख्या सुया. घरी परतल्यावर दिवसभर उठवत नाही. रिपोर्ट मी स्वतः वाचतो, त्यामुळे मला कुणी खोटा धीर देऊ शकत नाही. बंद केलं तर दिवस किती उरतात, तेही मला माहीत आहे. 'आता बस झालं' असं ते आईजवळ दोनदा बोलले. माझ्याजवळ कधीच नाही.

ते चार तास सरावेत म्हणून मी मोबाईलवर माझे सिनेमे लावायला लागलो. शेजारच्या खाटेवरचे चाचा म्हणायचे, "लावा भाई, तुमची छिपकली लावा." आबा मात्र गंभीरपणे बघायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आत माणूस हाये. गुडघे पाह्य त्याचे. दमून राह्यला त्यो."

एकदा कम्प्युटरवर बनवलेला नवा सिनेमा लावला, मोठ्या खर्चाचा. पाच मिनिटांत त्यांनी तोंड फिरवलं. ह्याला घाम येत न्हाई, म्हणाले. मला इतकी वर्षं कुणाला नीट समजावता आलं नव्हतं ते हेच. राक्षस खोटा असतो, पण त्याच्या आत कुणीतरी खरोखर गुदमरत असतं, आणि दुसऱ्या कुणी सोडवल्याशिवाय त्याला बाहेर येता येत नाही.

गेल्या मंगळवारी तिसरा तास चालू होता. पडद्यावरचा राक्षस समुद्राकडं मागं सरत होता. आबांचा मोकळा हात चादरीवरून सरकला आणि मांडीवर आपटला. एकदा. मग पुन्हा एकदा.

मी वर बघितलं. ते पडद्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

पायात गोळा आला का, असं मी विचारलं. मी मोबाईलचा आवाज वाढवला. तेवढ्यात सिस्टर आली, शुक्रवारी नेहमीचीच वेळ ना, म्हणाली. आबांनी तोंड उघडायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

ती गेल्यावर आबा हळूच म्हणाले, "दिसली का रं तुला?"

"काय, आबा?" मी म्हणालो, आणि चादरीचं टोक मुठीत घट्ट धरून बसलो.