दुपारचं घर

जगातल्या निम्म्या देशांची कॉफी त्याने प्यायली होती, पण त्यातल्या एकाही देशात त्याचा पाय पडला नव्हता. त्याचं कामच तसं होतं. बंदरात येणारं मोठं जहाज आधी बाहेर खोल पाण्यात थांबायचं. मग हा लाँचमधून तिथे जायचा, हलत्या दोरीच्या शिडीवरून वर चढायचा आणि परक्या कप्तानाच्या शेजारी उभा राहून जहाज आत आणायचा. वाळूचा उंचवटा कुठे लपलाय, ओहोटीला पाणी कुठून ओढतं, हे त्याला तळहातावरच्या रेषांसारखं ठाऊक होतं. जहाज परत निघालं की त्याच वाटेने ते बाहेर काढायचं. पाण्यावर तरंगणारी ती लाल लोखंडी खूण, शेवटचा बोया, आला की काम संपलं. पुन्हा शिडी, पुन्हा लाँच, पुन्हा घर. तेहतीस वर्षं असंच चाललं. धक्क्यावर सगळे त्याला वाटाड्या म्हणत, आणि हळूहळू खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

जहाज सरळ वाटेला लागलं, जरा सवड मिळाली, की तो कप्तानाला एक प्रश्न विचारायचा. "तुमच्या घराच्या खिडकीतून काय दिसतं?" मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करत. एकाने सांगितलं, शेजाऱ्याची भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेली जाळी. दुसरा म्हणाला, काही नाही, पाच महिने नुसता बर्फ. एक जाडजूड, लालबुंद कप्तान म्हणाला, "नासपतीचं झाड. आजोबांनी नको तिथे लावलं. त्यामुळे समुद्र दिसत नाही."

संध्याकाळी जेवताना वाटाड्या ही खिडकी बायकोपुढे उघडायचा. त्याची बायको शहराच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं पुन्हा बांधायची. पानं जुळवायची, दाभणाने भोकं पाडायची, दोऱ्याने शिवायची, सरस लावून दाबयंत्राखाली ठेवायची. तिला सगळे शिवणबाई म्हणायचे. तिची खोली तळघरात होती, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच दिव्याच्या उजेडात. नासपतीच्या झाडाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "आजोबा शहाणे असणार."

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. शेवटचं जहाज बाहेर काढून वाटाड्या शिडीवरून उतरला तेव्हा लाँचवाला म्हातारा म्हणाला, "आज उतरला नसतात तरी कोणी विचारलं नसतं."

"घरी जेवायला वाट बघत असेल ती," वाटाड्या म्हणाला. पण त्या वाक्याने त्याच्या डोक्यात घर केलं. दोन महिन्यांनी त्याने मालवाहू जहाजावरच्या प्रवाशांच्या केबिनमध्ये दोघांची जागा धरली.

ती सकाळ धुरकट होती. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं. बोया हळूच बाजूने सरकत मागे गेला, आणि वाटाड्याचे पाय आपोआप शिडीच्या दिशेने वळले. शिवणबाईने त्याच्या कोटाची बाही धरली.

"कुठे निघालात? आज आपण जाणार आहोत."

त्याने मागे वळून पाहिलं. तेहतीस वर्षं जिथून परतायचं, ती जागा आता एक लाल ठिपका होती, आणि मग तोही नव्हता. त्याला झोपेत पायरी चुकावी तसं झालं, पण पडण्याऐवजी आपण तरंगतोय असं वाटलं.

पुढची अडीच वर्षं त्या तरंगण्यातच गेली. एका शहरात रस्त्यांना पायऱ्या होत्या आणि संध्याकाळी त्यांवर सगळी म्हातारी माणसं बसायची, जणू कोणाच्या तरी येण्याची वाट बघत. एका गावात धुकं इतकं दाट की लोक एकमेकांना खोकून ओळख द्यायचे. एका नदीवर पूल हातांनी फिरवून उघडत, आणि पूल फिरवणाऱ्या बाईने शिवणबाईला ते चाक दोन मिनिटं धरायला दिलं. ती कितीतरी दिवस आपले तळवे बघून हसायची. दोघं हात धरून चालायची, फारसं बोलायची नाहीत. सात प्रवास झाले. मधल्या दिवसांत घरी यायची, कपडे धुवायची, वाळायच्या आत पुढची बॅग भरायला घ्यायची. कुंड्या कधीच शेजाऱ्यांकडे गेल्या होत्या. दार उघडलं की घरातून बंद पेटीचा वास यायचा.

"बाबा, तुम्ही भोवरा झालात आणि आई दोरी," लेक फोनवर म्हणाली. ती दूरच्या शहरात दातांची डॉक्टर होती. "दोरी झिजतेय हां, बघा."

वाटाड्याने ते हसण्यावारी नेलं.

सातव्या प्रवासात, एका उतारगृहात, जेवून दोघं आडवी झाली होती. शिवणबाई अर्धवट झोपेत उठली, दार उघडून बाहेर निघाली, आणि थेट कपाटात शिरली. हँगर एकमेकांवर आपटले. वाटाड्या जागा होऊन बघतो तर बायको त्याच्या कोटाशेजारी कोटासारखीच उभी. तो पोट धरून हसला. तीही हसली. मग पलंगाच्या कडेला बसली आणि तिचं हसू कुठे गेलं ते कळलंच नाही.

"मी आपल्या घराचं दार शोधत होते," ती म्हणाली.

"चार दिवसांनी जाऊच की."

"जाऊ, आणि अकरा दिवसांनी निघू. एक सांगू? दुपारी तीन वाजता आपल्या घरात ऊन कुठे असतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

वाटाड्या विचार करू लागला. भरतीचं वेळापत्रक त्याला पाठ होतं. हे नव्हतं.

"मलाही नाही," ती म्हणाली. "तीस वर्षं मी दुपारची तळघरात आणि तुम्ही पाण्यावर. सुट्टीच्या दिवशी बाजारहाट. आपलं घर दुपारी कसं असतं ते मी पाहिलेलंच नाही. एवढे देश झाले, आता मला तिथे जायचंय."

आठव्या प्रवासाची जागा आधीच धरलेली होती. वाटाड्या म्हणाला, रद्द करतो. ती म्हणाली, रद्द करून घरात तोंड पाडून बसाल, त्यापेक्षा जा. तो गेला. जाताना दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि दोन्ही दगड हलत होते.

त्या प्रवासात त्याने मुद्दाम नासपतीवाल्या कप्तानाचं गाव गाठलं. पत्ता फार अवघड नव्हता. बंदरात विचारलं तर दोघातिघांनी एकाच टेकडीकडे बोट दाखवलं. निळ्या दाराचं बुटकं घर, आणि समोर ते झाड, वाकलेलं, फळांनी लगडलेलं. दार एका वयस्क बाईने उघडलं. ती कप्तानाची बहीण निघाली.

"दादा घरी नाही," ती म्हणाली. "घरात टिकतो कुठे तो? निवृत्त झाला तसा भटकतोय. झाड तोडून टाकायचं म्हणत होता. मी म्हटलं, आधी वर्षभर खिडकीत बसून ते बघ, मग तोड. तो निघूनच गेला." मग वाटाड्याला नीट न्याहाळत म्हणाली, "तुमच्याही घरी कोणी असंच म्हणत असेल."

तिने त्याला खिडकीतल्या दादाच्या खुर्चीत बसवलं आणि ती आत कॉफी करायला गेली. खुर्चीची चामडी बैठक अगदी नवी होती, कोणाच्याही बसण्याने दबलेली नाही. झाडाच्या पानांमधून समुद्राचे तुकडे दिसत होते, एक इथे, एक तिथे. वारा आला की तुकडे जागा बदलत. वाटाड्याचे डोळे जड झाले. त्याला दिसलं की आपण एक जहाज आपल्याच घरात आणतोय, दारातून, कुठेही घासू न देता, आणि आत किती पाणी आहे ते आपल्याला माहीत नाही. तो दचकून जागा झाला. समोर कॉफी निवत होती.

त्याने तिथूनच घरी फोन लावला. इथे सकाळ होती, तिकडे दुपार.

"काय करतेयस?"

"उन्हाच्या मागे फिरतेय," शिवणबाई म्हणाली. "आत्ता ते स्वयंपाकघरात टेबलाच्या पायापाशी आहे. अर्ध्या तासाने कपाटावर चढेल. फरशीवर खडूने खुणा केल्यात मी. आलात की पुसू नका."

"बरं."

"आणि ऐका. खालचा शिंपी मशीन चालवताना गातो. बरा गातो हो. तीस वर्षं आपण त्याच्या डोक्यावर राहतोय आणि पत्ता नाही. काखेत कळसा म्हणतात ते हेच."

तिने फोन खिडकीपाशी धरला. खरखर ऐकू आली, त्यामागे मशीनची धडधड, आणि तिच्याही मागे, कोणीतरी पाण्याखालून गावं तसा एक आवाज. वाटाड्या डोळे मिटून बसून राहिला. ज्या घरात उभा जन्म काढला त्याची अशी आठवण आपल्याला कधी आली नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं. जहाज नऊ दिवसांनी होतं. ते नऊ दिवस त्याने त्या गावात काढले, नासपती खाल्ल्या, रोज त्याच वेळी फोन केला.

घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर तसं नव्हतं. पहिल्या दिवशी शिवणबाईने त्याचा हात धरून खोल्याखोल्यांतून फिरवलं. एक वाजता ऊन पलंगावर, दोनला आरशात, तिथून उलटून छतावर एक थरथरता डाग, तीनला टेबलाच्या पायापाशी. दोघं जमिनीवर बसून बघत राहिली. पण तिसऱ्या आठवड्यात वाटाड्याने स्वयंपाकघरातली भांडी आकारानुसार लावली आणि शिवणबाईला गाळणं दोन दिवस सापडलं नाही. ती गरम किटली घेऊन निघाली की तो मागून म्हणायचा, "जरा डावीकडे. सावकाश. आता सरळ."

"मी जहाज नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या महिन्यात तो दिवसातून तीनदा बंदराच्या बाजूला फिरून यायला लागला. शेवटी तिनेच विषय काढला. "हे तळ्यात-मळ्यात बंद करू. वर्षात एक प्रवास दोघांनी. एक तुमचा तुम्ही. एक माझा मी. बाकीचे दिवस घर."

"तुझी तू?" वाटाड्याने विचारलं. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"का? मी काय नुसती दोरी आहे?"

ठरलेलं त्यानेच आधी मोडलं. स्वतःचा प्रवास झालेला असताना तो आणखी दहा दिवस उत्तरेकडे जाऊन आला आणि दारात चोरासारखा उभा राहिला. शिवणबाईने चहा ठेवला. पण वसंतात तिने आपली बॅग भरली. कुठल्याशा डोंगरी गावात अजून हाताने कागद करतात, चिंध्या भिजवून, चाळणीवर लगदा घेऊन. आयुष्यभर ज्यातून दाभण घातलं तो कागद कसा जन्मतो ते तिला बघायचं होतं. तीन आठवडे. वाटाड्या तिला सोडायला गेला आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून परत आला.

पहिली दुपार त्याच्या अंगावर आली. घर इतकं शांत की नळाचा एक थेंब पडला तरी कोणी हाक मारल्यासारखं वाटे. दुसऱ्या दुपारी तो धड असलेली विजार घेऊन शिंप्याकडे गेला आणि ती आखूड करायला सांगितली. शिंप्याने माप घेतलं.

"हिची उंची बरोबर आहे," तो म्हणाला.

"असेल," वाटाड्या म्हणाला. "तुम्ही गाता म्हणे."

शिंपी लाजला. पन्नाशी उलटलेला, तोंडात टाचण्या धरलेला माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. "मशीनचा आवाज असला की धीर होतो," तो म्हणाला. "नुसत्या शांततेत नाही जमत." मग मशीन सुरू झालं. दारातून धूळ मिसळलेला उजेड येत होता, कापडाच्या पट्ट्या खाली पडत होत्या, आणि वाटाड्या स्टुलावर बसून ऐकत होता. चार वाजले ते त्याला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, विजार न घेता. हळूहळू तो बटणं रंगांप्रमाणे लावून देऊ लागला. तिथे कोणाला गाळणं सापडत नाही अशी तक्रार नव्हती.

लेकीचा फोन आला. "बाबा, आई नाहीये तर आमच्याबरोबर तळ्याकाठी चला चार दिवस. गाडीत जागा आहे."

"गुरुवारी जमणार नाही," तो म्हणाला. "शिंप्याकडे मोठं काम आलंय. बसतो म्हणालोय त्याला."

"बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तळं कुठे जाणार नाही, तुम्ही पुढच्या वेळी न्या."

तीन आठवड्यांनी शिवणबाई समुद्रमार्गे परत यायची होती. वाटाड्या धक्क्यावर गेला. आतापर्यंत तो नेहमी जहाजाच्या बाजूने आलेला, उतरणाऱ्या माणसांच्या मागे. दोरीच्या अलीकडे, वाट बघणाऱ्यांत तो पहिल्यांदाच उभा होता. जहाज दीड तास उशिरा आलं. त्याचं कारण त्याला पाण्याकडे नुसतं बघून कळलं होतं, पण शेजारची बाई काळजीने पुन्हापुन्हा घड्याळ बघत होती. तिला त्याने एवढंच सांगितलं, "भरती लागायचीय अजून. येईल. जहाज आत आणायला चांगला माणूस आहे, मी ओळखतो." मग तो बसला, हात मांडीवर ठेवून. दुपार पाण्यावर पसरली होती. वाट बघण्यातही एक चव असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

शिवणबाई उतरली. चेहरा उन्हाने रापलेला, नखांत पांढरा लगदा वाळलेला. हातात जाडसर, कडा ओबडधोबड असलेल्या कागदांची गुंडाळी.

"जेवलात?" तिने विचारलं.

"नाही. तू?"

"जहाजावरचं सूप घेतलं. पाणी बरं त्यापेक्षा." ती त्याच्या पायांकडे बघत थांबली. "ही विजार इतकी आखूड कशी?"

"चालता चालता सांगतो," तो म्हणाला, आणि तिची बॅग त्याने आपल्या हातात घेतली.